आज मी व्याख्यान दिले नाही
ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेवर तासभर बोलण्याऐवजी आज मी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे सहा-सहा जणांचे गट केले. वाचनाचा भाग आधीच दिला होता. तीच प्रश्नपत्रिका प्रत्येकाने प्रथम एकट्याने आणि मग गटात चर्चा करून सोडवली. लॅरी मायकेलसन यांनी ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत व्यवस्थापनाच्या मोठ्या वर्गांसाठी घडवली. पण कपाशीवर फवारणी करता करता कोसळलेल्या माणसाला जिथे दर हंगामात रुग्णालयात आणावे लागते, त्या आमच्या विदर्भात ती मला अगदी आपली वाटली.

अ‍ॅट्रोपिन हे या विषबाधेवरचे औषध कुठवर द्यायचे, यावर वाद रंगला. एक गट ‘डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत’ या उत्तरावर अडून बसला होता. तेव्हा एरवी गप्प असणारी, शेतकऱ्याच्या घरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाहुल्या नाही, छाती ऐकायची. घरघर थांबून फुप्फुसं कोरडी झाली का, ते पाहायचं.” हेच वाक्य मी दरवर्षी व्याख्यानात सांगतो आणि दरवर्षी ते उत्तरपत्रिकेत चुकलेले पाहतो.

२०१९च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने व्याख्यानांना एकूण वेळेच्या एक-तृतीयांशाची मर्यादा घातली, ते योग्यच झाले. तास संपल्यावरही तिघे जण फळ्यापाशी थांबून, अ‍ॅट्रोपिनने स्नायूंचा अशक्तपणा का जात नाही, हे एकमेकांना समजावत होते.