कोलंबस, इंडियाना: गाडी लावा आणि पायी फिरा

पहिली चूक घरूनच होते. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं अनेक आहेत आणि शोधलं की आधी ओहायोतलं येतं. राज्याचं नाव न बघता हॉटेल बुक केलं, तर आपण तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर चुकीच्या गावात खोली घेऊन बसतो. आपल्याला हवंय ते इंडियाना राज्यातलं, जेमतेम 50 हजार वस्तीचं कोलंबस. विमान इंडियानापोलिसला उतरतं, तिथून दक्षिणेला इंटरस्टेट 65 ने साधारण तासाभराचा रस्ता, 68 नंबरचं एक्झिट. प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे गाडी हवीच. पण गावात शिरल्यावर ती लावून टाका.

पुणेकरांना या गावाची ओळख वेगळ्या कारणाने असते. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आहे, आणि 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर तिची भागीदारी होऊन कोथरूडचा कारखाना उभा राहिला. त्या नात्याने पुण्याहून इथे कामासाठी येणाऱ्यांचा राबता आजही आहे. प्रोजेक्टवर आलेल्यांना माझं आग्रहाचं सांगणं: वीकेंडला शिकागोकडे धावण्याआधी एक अख्खा दिवस याच गावाला द्या. एवढ्याशा गावात सात इमारतींना 'नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क' हा राष्ट्रीय वारशाचा सर्वोच्च दर्जा आहे, आणि त्या सातही विसाव्या शतकातल्या, आधुनिक शैलीतल्या.

हे घडलं कसं, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बघताना अर्थ लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा घाईघाईने बांधाव्या लागल्या आणि त्या सुमार निघत होत्या. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे तोडगा काढला: आम्ही दिलेल्या नामवंत आर्किटेक्टांच्या यादीतून तुम्ही निवड करा, त्यांची फी आम्ही भरतो. बांधकामाचा खर्च मात्र गावाने करायचा. हॅरी वीझ यांची लिलियन श्मिट शाळा (1957) ही त्यातली पहिली. पुढे अग्निशमन केंद्रांसारख्या इतर सार्वजनिक इमारतींनाही हीच पद्धत लागू झाली. कंपनीचाही यात स्वार्थ होता: छोट्या गावात चांगले इंजिनियर येऊन टिकायला हवे होते. म्हणूनच इथला वारसा तिकीट लावून बंद ठेवलेला नाही. शाळा भरते, लायब्ररीत पुस्तकं दिली-घेतली जातात, चर्चमध्ये उपासना होते. तुमचं वेळापत्रकही त्या इमारतींच्या कामाच्या वेळा बघूनच आखावं लागतं.

सुरुवात फिफ्थ स्ट्रीटवरच्या व्हिजिटर्स सेंटरपासून करा. हे 1864 चं विटांचं घर. त्याचा विस्तार 1995 मध्ये केव्हिन रोश यांनी केला. आत डेल चिहुली यांचं पिवळ्या काचेचं भलंमोठं झुंबर आहे. नकाशा इथेच मिळतो आणि मिलर हाउसची, म्हणजे जे. अर्विन मिलर यांच्या घराची, फेरीही इथूनच निघते.

समोर दिसतं ते फर्स्ट ख्रिश्चन चर्च, एलिएल सारिनेन यांचं, 1942 चं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक चर्चपैकी एक. इथे घाई करू नका. दर्शनी भाग म्हणजे चुनखडीच्या दगडाची चौकटी-चौकटींची सपाट भिंत. तिच्यावरचा क्रूस मध्यावर नाही, बाजूला आहे, आणि दारही मध्यावर नाही. आत गेलात तर मधली वाटसुद्धा एका बाजूला सरकलेली दिसेल. आपल्या डोळ्याला देवळात सगळं गाभाऱ्याच्या सरळ रेषेत बघायची सवय असते. इथे तो तोल जड-हलक्या बाजू तोलून साधला आहे. शेजारचा 166 फुटी मनोरा मुख्य इमारतीपासून सुटा उभा आहे. त्याच्या फिकट विटांकडे जवळ जाऊन बघा. विटांत मुरलेलं पाणी इंडियानाच्या थंडीत गोठतं, फुगतं आणि बांधकाम फोडतं. या मनोऱ्याच्या माथ्यालाही तडे गेले होते, आणि अलीकडेच त्याची मोठी दुरुस्ती झाली. रविवारी सकाळी उपासना असते. तेव्हा फोटो काढत फिरू नये. आतून बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिसमध्ये विचारून जावं.

रस्त्यापलीकडे आय. एम. पेई यांची क्लिओ रॉजर्स लायब्ररी (1969). विटांची, साधी आणि मुद्दामच खालच्या आवाजात बोलणारी. पेईंनी समोरचं पटांगण इमारतीइतकंच महत्त्वाचं मानलं. त्यात हेन्री मूर यांची ब्राँझची 'लार्ज आर्च' ही सुमारे 20 फुटी कमान 1971 पासून उभी आहे. तिच्याखालून चालत जा आणि बरोबर मध्ये थांबून चर्चच्या मनोऱ्याकडे बघा: हिरवट, गुबगुबीत ब्राँझच्या मागे ती काटकोनी वीट. माझ्या मते गावातलं सगळ्यात मोलाचं दृश्य हेच, आणि गाडीच्या खिडकीतून ते दिसतच नाही. लायब्ररीत कुणालाही जाता येतं, स्वच्छतागृह आणि पाणी दोन्हीची सोय होते.

त्याच रस्त्यावर थोडं पुढे अर्विन कुटुंबाचं जुनं घर लागतं. बांधलं 1864 मध्ये, आणि 1910 च्या सुमारास त्याचा विस्तार होऊन पोम्पेईच्या धर्तीवरची खोलगट बाग तयार झाली. आता तिथे निवासाची सोय आहे. बाग लोकांसाठी ठरावीक दिवशीच उघडते, म्हणून वेळ व्हिजिटर्स सेंटरमध्येच विचारून घ्या.

मग मागे फिरून वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या. एरो सारिनेन (एलिएल यांचा मुलगा) यांची अर्विन युनियन बँक, 1954. त्या काळची बँक म्हणजे उंच खांब, जाड भिंती आणि जाळीमागचा कारकून. इथे मात्र बुटकी, चारी बाजूंनी काचेची एकमजली इमारत आहे, छतावर नऊ घुमट, भोवती डॅन काइली यांनी लावलेली झाडं. पुढे ती कमिन्सचं सभागृह झाली. आत जाता येईलच असं नाही. बाहेरून बघायचं तर भरदुपारी काचेत समोरची झाडंच दिसतात. तळहाताचा आडोसा करून काचेजवळ जा, किंवा दिवे लागल्यावर या. तेव्हा घुमटांची आतली बाजू उजळलेली असते आणि सगळं छत स्पष्ट दिसतं.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर जुन्या दुकानांची रांग आहे. त्यात 329 नंबरला झहाराकोस, 1900 पासूनचं आइस्क्रीमचं दुकान. संगमरवर-गोमेदाचे सोडा फाउंटन आणि वेल्टे कंपनीचं 'ऑर्केस्ट्रियन' हे इथलं वैशिष्ट्य. हे यंत्र भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून हवेच्या दाबाने आख्खा वाद्यवृंद वाजवतं. आवाज चालू झाला की खाणं थांबवून जवळ जा. इथलं 'गॉम' नावाचं प्रसिद्ध सँडविच बीफच्या खिम्याचं असतं, न खाणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी ध्यानात ठेवा.

रस्त्याच्या टोकाला 1874 चं विटांचं कोर्ट. त्याच्या आवारातलं युद्धस्मारक मात्र चुकवू नका: चुनखडीचे 25 खांब, प्रत्येक 40 फूट उंच, दाटीने उभे. लांबून नुसते दगड वाटतात. आत शिरलं की खांबांवर कोरलेली नावं आणि सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतला मजकूर दिसतो. वाचायला किमान अर्धा तास लागतो. जवळच सिटी हॉल (1981) आहे: प्रवेशद्वारावर दोन्ही बाजूंनी पुढे आलेले विटांचे दोन बाहू, एकमेकांना न भेटता थांबलेले.

इथवरचं सगळं पायी तीन-चार तासांत होतं. पुढच्यासाठी गाडी काढा.

मिलर हाउस (1957) एरो सारिनेन यांचं, अंतर्भाग अलेक्झांडर जिरार्ड यांचा, बाग डॅन काइलींची. स्वतःच्या गाडीने थेट तिथे जाता येत नाही. फेरीचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, जागा मोजक्या असतात आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्यामुळे आधी हे तिकीट, मग विमान, हाच क्रम ठेवा. आत फोटोला परवानगी आहे का, ते आधी विचारा. छत तोलणारे पोलादी खांब अधिकच्या चिन्हासारखे आहेत आणि त्यांच्या रांगांवरूनच छतातल्या काचेच्या पट्ट्या जातात, म्हणजे उजेड खांबांच्या रेषेतून खाली उतरतो. दिवाणखान्यात जमिनीत उतरवलेला बसायचा चौकोनी हौद आहे, आणि त्याच्या गाद्या-उशा ऋतूप्रमाणे बदलत असत.

नॉर्थ ख्रिश्चन चर्च (1964) हे एरो सारिनेन यांचं अखेरच्या काळातलं काम. ते पूर्ण होण्याआधी, 1961 मध्येच ते वारले. षटकोनी इमारत, वर 192 फुटी सुई. तिथली मंडळी 2022 मध्ये विसर्जित झाली आणि वास्तू काउंटीच्या लायब्ररीकडे आली. आत सोडतात का, ते निघण्याआधी विचारा. बाहेरून बघायला मात्र जाच: छप्पर जमिनीच्या इतकं जवळ येतं की सुई थेट गवतातून उगवल्यासारखी वाटते.

पूर्वेकडे चार नंबरचं अग्निशमन केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांनी 1967 च्या सुमारास उभं केलं. दर्शनी भागात पांढरी चकचकीत वीट आणि मनोऱ्यावर ठळक 4. मनोरा शोभेचा नाही. ओले होज पाइप वाळवायला टांगता यावेत म्हणून तो उंच केला. केंद्र चालू आहे, म्हणून गाडी बंबाच्या वाटेत अजिबात लावू नका. फोटो रस्त्यापलीकडून घ्या.

संध्याकाळी मिल रेस पार्क. नदीकाठची ही पूर येणारी जमीन, म्हणून पाणी चढेल आणि ओसरेल हे धरूनच 1992 मध्ये बागेची आखणी केली. निरीक्षण मनोरा चढायला खुला असेल, तर त्यावरून कोर्ट आणि चर्चचे मनोरे एका नजरेत येतात. वसंतात जोराचा पाऊस झाला की बागेतला रस्ता पाण्याखाली जाऊन बंद होतो. तसं झालं तर अडथळा ओलांडू नका, सेकंड स्ट्रीटच्या पुलाकडे वळा आणि तिथून गावाकडे बघा.