लॅपटॉप उठतो, नेट उठत नाही
पावसाळ्यात फोंड्याला लाईट गेली की लॅपटॉप सस्पेंडला टाकायचा, आणि परत उघडला तर केबल लावलेली असूनही नेट बंद! बऱ्याचदा लोचा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतो. लिनक्समध्ये झोपण्याआधी ड्रायव्हरने पॅकेट पाठवणं थांबवायचं, डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेले इशारे) बंद करायचे, मगच कार्ड डी३ या झोपेच्या अवस्थेत. डी३कोल्ड या सगळ्यात गाढ झोपेत तर कार्डाची मुख्य वीजच जाते, रजिस्टरमधलं (कार्डाच्या आतल्या सेटिंगच्या जागांमधलं) सगळं पुसलं जातं, पीसीआय कॉन्फिग (कार्डाच्या जोडणीची मूळ सेटिंग) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परत भरतो पण रिंगचे (पॅकेटच्या रांगांचे) मेमरीतले पत्ते, कोणती पॅकेट घ्यायची ते फिल्टर, मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) ड्रायव्हरनेच पुन्हा लिहायचे, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो. वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून झोपलेलं मशीन उठवणं) हवं असेल तर मॅजिक पॅकेट (६ बाइट एफएफ, मग मॅक ॲड्रेस १६ वेळा) ओळखण्यापुरती वीज ठेवावी लागते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, मोठं डाउनलोड चालू असताना सस्पेंड करून बघाच.