डिस्प्ले इटालिकची प्रगती : स्मॉल अक्षरं जवळपास जमली, कॅपिटलना हात घातलाय

मोठ्या आकारात वापरायचा (डिस्प्ले) इंग्रजी अक्षरांचा तिरपा, म्हणजे इटालिक, फॉन्ट मी काढतोय. मागच्या नोंदीत त्याचे नुसते 'एन' आणि 'ओ' होते. आता 'एस' आणि 'के' सोडले तर स्मॉल अक्षरांचा अख्खा संच एका ओळीत लावून बघता येतो. मूळ मापं तीच आहेत : अक्षर ज्यात बसवतात तो १००० युनिटचा चौकोन, १४ अंशांचा कल, एक्स-हाइट (स्मॉल 'एक्स'ची उंची) ४६०, स्टेम (मुख्य जाड रेघ) ८४, हेअरलाइन (सगळ्यात बारीक रेघ) १६. म्हणजे जाड-बारीकाचं प्रमाण सव्वापाचास एक.

१६ युनिट फार बारीक नाही का, असं कुणी विचारलंच तर हिशोब असा. ७२ पॉइंटला ही रेघ ०.४ मिलिमीटर भरते, झकास छापते. १२ पॉइंटला मात्र ती ०.०७ मिलिमीटरच्या आत येते. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या) लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या वाट्याला दीड ठिपका. प्रिंटर मग कुठे एक टाकतो, कुठे दोन, आणि एकाच शब्दात दोन जाडीच्या हेअरलाइन दिसतात. स्क्रीनवर १६ पिक्सेलला तर पाव पिक्सेलच उरतो, नुसता राखाडी धूर. त्यामुळे ३६ पॉइंटच्या खाली हा फॉन्ट वापरायचाच नाही, हे मी पक्कं केलंय. लहान आकारातल्या मजकुरासाठी वेगळा कट (वेगळी आवृत्ती) काढायचा मोहही आवरलाय.

खरा वेळ खाल्ला तो 'एन'च्या फांदीने, म्हणजे स्टेममधून फुटून कमानीकडे जाणाऱ्या बारीक रेघेने. हेअरलाइन कितीही नाजूक करा, ती स्टेममधून भलत्या उंचीवर फुटली की अक्षर ताठच्या ताठ. रोमनमध्ये, म्हणजे साध्या उभ्या अक्षरांत, कमान स्टेमच्या माथ्याजवळून निघते. इटालिकमध्ये पेन उचललेलं नसतं : स्टेम उतरून पायाशी आलेलं टोक त्याच वाटेने वर चढतं आणि मध्येच बाहेर वळतं. टोकदार निबाला खाली येताना दाब पडतो आणि वर जाताना हात हलका होतो, म्हणून तो चढ बारीक. मी फांदी बेसलाइनपासून (अक्षरं जिच्यावर बसतात ती रेघ) १९० युनिटवर सोडवली आहे. त्याच्या खाली नेली की स्टेम आणि फांदीमधली पांढरी फट इतकी निमुळती होते की लांबून तिथे काळा डाग दिसतो. २६० च्या वर नेली की तिरपं ढकललेलं रोमन वाटायला लागतं. शिवाय त्या खाचेत स्टेमची कड ६ युनिट आत कोरली आहे. कोरलेलं मोठ्या आकारातही डोळ्यांना कळत नाही, पण डाग जातो. हीच फांदी 'एम', 'एच', 'आर'ला लागली आणि उलटी फिरवून 'यू'ला. जुन्या इटालिकांत 'एच'चा उजवा पाय आत वळलेला असायचा. दिसतो देखणा, पण वाचला जातो 'बी'. तो पर्यायी ग्लिफ (अक्षराचं दुसरं रूप) म्हणून ठेवलाय, हौसेखातर.

'ओ' मात्र कोऱ्या पानावरून काढावा लागतो. रोमन 'ओ' सॉफ्टवेअरमध्ये १४ अंश तिरका करून बघा : वरचा उजवा आणि खालचा डावा भाग फुगतो, उरलेले दोन रोडावतात. स्टेमही गुपचूप बारीक होतो. आडवी रुंदी ८४ च दाखवते, पण काटकोनात मोजली तर ८१.५. सरळ रेघेत एवढं खपून जातं, गोलाईत नाही.

'एफ' बेसलाइनच्या खाली उतरतो आणि डोकं शेजारच्याच्या अंगणात घालतो. त्याच्यापुढे कंस किंवा अवतरणचिन्ह आलं की टक्कर ठरलेली, तेवढं कर्निंग (अशा जोड्यांतलं अंतर जुळवणं) आत्ताच करून टाकलं. बाकी स्पेसिंग घट्ट आहे : दोन 'एन'मधली पांढरी जागा 'एन'च्या पोटापेक्षा (आतल्या मोकळ्या जागेपेक्षा) किंचित कमी. बाहेर पडणारी शेपटी पुढच्या अक्षराला टेकू द्यायची नाही असं ठरवलंय. अर्धी टेकली आणि अर्धी नाही, असं झालं की डोळा तिथेच अडखळतो.

कॅपिटल. मुद्रक आल्डस मॅन्यूशियससाठी टाइप कोरणाऱ्या फ्रान्चेस्को ग्रिफोने केलेल्या इटालिकमध्ये १५०१ साली व्हेनिसला प्राचीन रोमन कवी व्हर्जिल छापला गेला, त्यात कॅपिटल चक्क उभी आहेत. हेवा वाटतो! अठराव्या शतकाच्या अखेरीस फर्मँ दिदो आणि बोदोनी या टाइप घडवणाऱ्यांच्या हातून जाड-बारीक टोकाला गेलं, ती वाट धरली तर कॅपिटल कलवणं आलंच. 'ए' बघा. कल दिला की उजवी जाड रेघ जवळजवळ उभी होते आणि डावी बारीक रेघ लोळायला लागते. शिखरापासून दोन पायांच्या मध्यापर्यंतची काल्पनिक रेघ कलाच्या कोनात बसवली की तोल येतो. पण त्याच कोनात कॅपिटल जास्त झुकलेली वाटतात, म्हणून त्यांना १३ अंशच दिलेत. 'व्ही' त्याच हिशोबात सुटला. 'डब्ल्यू'कडे अजून बघितलेलं नाही.

राहिले 'के' आणि 'एस'. 'के'चा वरचा हात गाठीचा करायचा की सरळ, एवढाच प्रश्न आहे, आणि माझं मत गाठीकडे झुकतंय. 'एस' चिवट. त्याच्या कण्याचा, म्हणजे मधल्या जाड वळणाचा, उतार डावीकडून उजवीकडे खाली येतो, म्हणजे कलाच्या बरोबर विरुद्ध. कल देताच कणा उभा होतो आणि अक्षर मागे रेलल्यासारखं दिसतं. सध्या कणा ८४ वरून ७८ वर आणून, खालचं पोट थोडं डावीकडे सरकवून बघतोय. त्यानंतर अंक, आणि तेही जुन्या चालीचे, वर-खाली लोंबणारे. आठच्या आकड्यात हाच कणा लागणार आहे, तेव्हा 'एस' सुटेपर्यंत अंकांची फाइल उघडत नाही.