जुन्या मॅकबुक एअरवर डेबियन, आणि न दिसणारं वाय-फाय

२०१३ ते २०१७ मधल्या मॅकबुक एअरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं की स्क्रीन, कीबोर्ड, आवाज बिनबोभाट चालतात. वाय-फाय मात्र दिसतच नाही. ‘फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) नसेल’ म्हणून सापडेल ते पॅकेज टाकत सुटू नका. आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. चौकटी कंसातला ‘१४ई४’ म्हणजे ब्रॉडकॉम, ही चिप बनवणारी कंपनी. कोलनपुढचा कोड चिपचा, आणि सगळा निकाल त्यावरच.

४३३१ असेल तर सोपं आहे. ‘बी४३’ ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, फक्त ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ टाका. ४३बीए असेल तर ‘फर्मवेअर-बीआरसीएम८०२११’ पुरतं. एअरमध्ये बहुधा निघतो ४३ए०, म्हणजे बीसीएम४३६०. खाली ड्रायव्हर म्हणून ‘बीसीएमए-पीसीआय-ब्रिज’ लिहिलेलं दिसतं, त्यावर जाऊ नका. चिप अडवून बसण्यापलीकडे तो काही करत नाही. या चिपला ब्रॉडकॉमचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो.

इथेच बरेच जण अडकतात. डेबियन १२ चा इन्स्टॉलर पॅकेजांचा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग आपणहून जोडतो, पण ‘डब्ल्यूएल’ फर्मवेअर नाही, ड्रायव्हर आहे. तो साध्या ‘नॉन-फ्री’ विभागात असतो. म्हणून पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या ‘सोर्सेस.लिस्ट’ फाइलच्या ओळीत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हाताने घाला. एअरला लॅन पोर्ट नाही, तेव्हा नेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मग ‘एपीटी अपडेट’ करून ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ आणि ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ ही दोन्ही पॅकेजं टाका: पहिल्यात कर्नलसाठी ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, दुसऱ्यात खुद्द ‘डब्ल्यूएल’. शेवटी ‘मॉडप्रोब -आर’ने बी४३, बीसीएमए, एसएसबी हे आधीचे ड्रायव्हर काढून ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ द्या, नाहीतर सरळ रीस्टार्ट करा.

हेडर्स एखाद्या विशिष्ट कर्नल आवृत्तीचे टाकू नका. तसं केलं की कर्नल अपडेट झाल्यावर ‘डब्ल्यूएल’चं मॉड्यूल नव्याने बांधलं जात नाही आणि वाय-फाय पुन्हा गुल. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. ब्रॉडकॉमने काढलेली ‘डब्ल्यूएल’ची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, तीही २०१५ ची. पुढचं सगळं डेबियनवाल्यांच्या पॅचवर (दुरुस्त्यांवर) निभतंय. त्यामुळे बॅकपोर्ट्समधलं (नवी पॅकेजं देणाऱ्या डेबियनच्या विभागातलं) कोरं कर्नल घेताना जुनं काढून टाकू नका, ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीत) राहू द्या.

नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नसेल तर राउटर बघा. ‘डब्ल्यूएल’ला डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) येत नाही, राउटर निव्वळ डब्ल्यूपीए२ वर ठेवा. तरीही अडलं तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये ‘डिव्हाइस’ विभागाखाली ‘वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो’ लिहून सेवा रीस्टार्ट करा. स्कॅन करताना मॅक पत्ता (वाय-फाय कार्डाचा ओळखक्रमांक) बदलत राहिला की हा ड्रायव्हर गडबडतो.

दर कर्नलला ही कटकट नको असेल तर कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेला, एमटी७६१२यू चिपचा यूएसबी डोंगल घ्या. मात्र दुकानदार खोक्यावरचा वेग सांगतो, चिप सांगत नाही. ती विचारून घ्या.