तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्याची गाडी आणि आण्णांचा प्रश्न

कोल्हापूरला गेले की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. मागच्या दिवाळीत आत्याने फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवताच विचारले, “अगं, ती तुमच्याकडची सोन्याची रेल्वे घावली का नाही शेवटी?” मग आतेभावाने विचारले, मग शेजारच्या काकांनी. मी २०१४ पासून पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहते, आणि ज्या गाडीबद्दल ही सारी मंडळी विचारतात ती तिथून सत्तरेक किलोमीटरवर, वाउबझिख या जुन्या कोळसाखाणींच्या शहराजवळ डोंगरात दडवलेली आहे असे सांगतात. मी दर वेळी “नाही सापडली” एवढेच म्हणते, आणि ऐकणारा त्याचा अर्थ “अजून सापडली नाही” असा घेतो. म्हणून या वेळी सविस्तर सांगते. ती गाडी सापडली नाही, कारण ती तिथे नाही; आणि माझ्या मते ती कधीच तिथे नव्हती.

आधी कथा काय आहे ते सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस व्रोत्सवाफ हे जर्मनीतले ब्रेस्लाउ होते आणि वाउबझिखचे नाव वाल्डेनबुर्ग होते. सोव्हिएत सैन्य जवळ येऊ लागले तेव्हा सोने, जडजवाहीर आणि शस्त्रे भरलेली एक चिलखती गाडी ब्रेस्लाउहून निघाली, वाल्डेनबुर्गच्या अलीकडे एका गुप्त बोगद्यात शिरली आणि बोगद्याचे तोंड बुजवून टाकण्यात आले, असे कथा सांगते. सांगणारे बहुतेक जण ही घटना १९४५ च्या वसंतातली, कधी कधी तर युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांतली म्हणून सांगतात. इथेच पहिली अडचण येते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या मध्यालाच ब्रेस्लाउला पडलेला वेढा पुरा झाला होता आणि ६ मे रोजी शहर शरण येईपर्यंत तो उठला नाही. वेढ्यातून माणूस निसटू शकतो, विमान उडू शकते. चिलखती आगगाडी रुळांवरून शत्रूच्या फळीतून पार होत नाही.

दुसरी अडचण माझ्या वडिलांनी दाखवली. आण्णांची सारी नोकरी मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून झाली. पोलंड आमच्या घरात नवखा नव्हता, कारण त्याच मार्गावरच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिथल्या गोऱ्या मुलांच्या आठवणी सांगणारी माणसे आण्णांना पुढे कितीतरी वर्षे भेटत असत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पेपरात बातमी वाचून त्यांनी मला फोन केला आणि एकच विचारले, “सांधा कुणी बदलला?”

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. गाडी म्हणजे काही घोड्यावर लादलेली थैली नव्हे, की अंधारात आडवाटेने नेली आणि झाडाखाली पुरली. ती रुळांवरूनच जाते, आणि मुख्य मार्ग सोडायचा तर तिथे सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी, लागतो, तो बदलणारा माणूस लागतो आणि पुढे नवे रूळ लागतात. आण्णांच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असे, त्यात प्रत्येक गाडी किती वाजून किती मिनिटांनी आली आणि गेली ते लिहिलेले असे. एकेरी मार्गावर टोकनचा लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नसे, आणि तो गोळा पुढच्या स्टेशनात पोहोचून तिथल्या यंत्रात पडल्याशिवाय मागून दुसरी गाडी सोडता येत नसे. जर्मन रेल्वेची पद्धत वेगळी होती, पण तत्त्व जगभर एकच आहे: एका स्टेशनाने सोडलेली गाडी दुसऱ्या स्टेशनाला मिळालीच पाहिजे, नाहीतर काही मिनिटांत फोन खणखणू लागतात. त्यातून वाफेचे इंजिन म्हटले की कोळसा आला, पाणी आले, फायरमन आला. डोंगरात बोगदा खणायचा म्हणजे निघालेल्या दगडमातीचे ढीग कुठेतरी टाकावे लागतात, आणि ते ढीग गावातली शेंबडी पोरेसुद्धा पाहतात.

इतकी माणसे एकाएकी नाहीशी झाली असे म्हणावे, तर तेही खरे नाही. युद्धानंतर हा प्रदेश पोलंडला मिळाला आणि लाखो जर्मनांना तिथून घालवून देण्यात आले, हे खरे. पण वाउबझिखच्या खाणी चालू ठेवायच्या असल्यामुळे तिथल्या हजारो जर्मन खाणकामगारांना कुटुंबांसह ठेवून घेतले गेले. त्या डोंगराखाली काय आहे हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक, तेच लोक तिथे मागे राहिले. नव्या सरकारला पैशाची निकड होती, आणि गुपित सांगणाऱ्याला बक्षीस मिळण्याची आशा होती. तरीही गाडीचा सांधा बदललेला एकही माणूस पुढे आला नाही. जे पुढे आले त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेले सांगितले.

आता २०१५ मध्ये काय घडले ते सांगते, कारण आत्याच्या मनात ठसलेली बातमी तीच आहे. प्योत्र कोपेर आणि आंद्रेआस रिश्टर या दोघांनी वकिलांमार्फत कळवले की व्रोत्सवाफ ते वाउबझिख मार्गाच्या ६५ व्या किलोमीटरजवळ सुमारे १०० मीटर लांबीची गाडी त्यांना सापडली आहे, आणि तिच्या किमतीचा १० टक्के हिस्सा त्यांना मिळावा. ऑगस्टच्या अखेरीस पोलंडचे उपसांस्कृतिक मंत्री प्योत्र झुखोव्स्की यांनी पत्रकारांपुढे सांगितले की गाडी असल्याची आपल्याला ९९ टक्क्यांहून अधिक खात्री आहे. ते वाक्य जगभर गेले, कोल्हापुरातही पोहोचले. तीनच दिवसांनी तिथल्या प्रांताच्या राज्यपालांनी, हा पुरावा याआधीच्या अनेक दाव्यांपेक्षा भक्कम नाही, असे स्पष्ट सांगितले, पण ते वाक्य कोल्हापुरात पोहोचले नाही.

त्या शरद ऋतूत मी एका रविवारी तिथे गेले होते. रुळांच्या कडेला पोलंडमध्ये दर शंभर मीटरवर पांढरा खुंट असतो, वर किलोमीटरचा आकडा आणि खाली शंभर-शंभर मीटरच्या टप्प्याचा. वर ६५ लिहिलेला तो खुंट मी दुरून पाहिला. त्यापलीकडे गवताळ उतार आणि झाडी होती, आणि अलीकडे माझ्यासारखे पाहायला आलेले लोक, कुणाच्या हातात नकाशा, कुणाच्या हातात मुलाचा हात. सारे हळू आवाजात बोलत होते, जसे देवळात बोलतात. त्या वेळी मलाही वाटून गेले की असेल, का नसावी? हे कबूल केले नाही तर मी या लोकांशी अन्याय करीन.

मंत्र्यांची खात्री जमिनीत डोकावणाऱ्या रडारच्या चित्रावर होती. हे यंत्र जमिनीत रेडिओ लहरींचे ठोके सोडते आणि जिथे मातीचा गुणधर्म बदलतो तिथून परत येणारा प्रतिध्वनी टिपते. तो बदल पोकळीमुळे असू शकतो, तसाच ओल्या आणि कोरड्या थराच्या सीमेमुळे किंवा मोठ्या धोंड्यामुळेही असू शकतो. पडद्यावर उमटतात त्या वक्र रेषा असतात, डबे आणि चाके नसतात. डबे पाहणारा स्वतः आणतो. शिवाय चिकणमातीत आणि ओल्या जमिनीत या लहरी लवकर विरतात. पण गाडी शोधायची तर आणखी सोपा मार्ग आहे. सोने चुंबकाला दाद देत नाही, पण गाडी लोखंडाची असते, आणि १०० मीटर लांबीची चिलखती गाडी म्हणजे शेकडो टन लोखंड. ते जिथे असेल तिथले चुंबकीय क्षेत्र बिघडल्यावाचून राहत नाही. क्राकुफच्या खाण आणि धातुशास्त्राच्या विद्यापीठाचे प्राध्यापक यानुश मादेय यांच्या पथकाने नोव्हेंबरात ही मोजणी केली आणि डिसेंबरमध्ये निष्कर्ष सांगितला: बोगदा कदाचित असेल, गाडी नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये कोपेर आणि रिश्टर यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने आठवडाभर प्रत्यक्ष खोदकाम केले. तेव्हा गाडी नव्हती, रूळ नव्हते आणि बोगदाही नव्हता. रडारला दिसले होते ते जमिनीचे नैसर्गिक थर होते. त्या दोघांना मी दोष देत नाही. त्यांनी दावा केला, परवानगी मागितली आणि साऱ्या जगासमोर खणून दाखवले. मंत्र्यांनी मात्र खणण्याआधीच टक्केवारी सांगायला नको होती.

ही कथा याच प्रदेशात का रुजली, हे मला तिथे राहिल्यावर समजले. १९४५ नंतर पूर्वेकडून, विशेषतः आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्ह परिसरातून, विस्थापित होऊन आलेल्या पोलिश कुटुंबांना जर्मनांची सोडलेली घरे मिळाली. चूल दुसऱ्याची, कपाट दुसऱ्याचे, भिंतीवरच्या फोटोतली माणसे अनोळखी. जाताना जर्मनांनी चांदीचे चमचे आणि चिनी मातीची भांडी बागेत पुरली होती, आणि ती खरोखर सापडत. राज्याच्या पातळीवरही लपवालपवी झाली होती: या प्रदेशातील वारसावस्तूंचे जर्मन अधिकारी ग्युन्टर ग्रुंडमान यांनी कलाकृती वाड्यांत आणि चर्चमध्ये हलवल्या आणि अशा सुमारे ८० ठिकाणांची यादी केली. पण लक्षात घ्या, त्यांनी यादी केली. ती पोलिश अधिकाऱ्यांच्या हाती लागली आणि त्यांनी १९४५ पासूनच त्या ठिकाणांचा माग काढला. खरी लपवणूक कारकुनी पद्धतीने होते आणि कागदावर उरते.

सोन्याने भरलेल्या गाड्या त्या युद्धात खरोखर धावल्या, हेही मी सांगते, म्हणजे मी सगळेच नाकारते असे कुणाला वाटू नये. ३ फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात बर्लिनमधली राष्ट्रीय बँक उद्ध्वस्त झाल्यावर जर्मनीच्या सोन्याचा मोठा साठा रेल्वेने थुरिंजियातल्या मेर्कर्स गावी नेऊन मिठाच्या खाणीत ठेवला गेला. एप्रिलच्या आरंभी अमेरिकी सैन्य जवळ आले तेव्हा तिथल्या नोटा तरी परत हलवाव्यात अशी धडपड झाली, पण ईस्टरच्या सुटीमुळे रेल्वे अर्धवट बंद होती आणि गाडी मिळेना. ६ एप्रिलला रस्त्यावर अडवलेल्या दोन फ्रेंच स्त्रियांनी अमेरिकी शिपायांना सांगून टाकले की त्या खाणीत सोने आहे. खाणीत आठ हजारांहून अधिक सोन्याच्या विटा निघाल्या. जर्मन राज्याचे सर्वांत मोठे गुपित दोन महिनेसुद्धा टिकले नाही, कारण पोती वाहणारे हात होते आणि त्या हातांना तोंडे होती.

दुसरी गाडी हंगेरीची. १९४४ च्या एप्रिलमध्ये हंगेरीच्या सरकारने ज्यूंना मौल्यवान चीजवस्तू जमा करण्याचा हुकूम काढला. वर्षाच्या अखेरीस तो माल आगगाडीत भरून पश्चिमेकडे हलवण्यात आला आणि मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात अमेरिकी सैन्याच्या ताब्यात आला. मालाने भरलेले सुमारे दोन डझन डबे होते. त्यांत लग्नाच्या अंगठ्या होत्या, मनगटी घड्याळे, गालिचे, कॅमेरे, चांदीची भांडी, फरचे कोट होते. काही गालिचे आणि भांडी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांत गेली आणि बाकीचे बरेचसे विकले गेले. मालकांना ते परत मिळाले नाही. वाचलेल्यांनी खटला भरला तेव्हा, २००५ मध्ये, अमेरिकेच्या सरकारने २ कोटी ५५ लाख डॉलरवर तडजोड केली. ही सोन्याची गाडी खरी होती. तिच्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेले नाही.

आत्या, तू येत्या उन्हाळ्यात येणार आहेस, तर मी तुला ६५ व्या किलोमीटरवर नेणार नाही. वाउबझिखहून पुढे घुबडांच्या डोंगरात नेईन, जिथे नाझींनी १९४३ ते १९४५ या काळात भूमिगत दालनांचे प्रचंड जाळे खणायला घेतले होते. गाडी तिथेच कुठेतरी असेल, असे आजही बोलले जाते. ते खणणाऱ्यांत ग्रॉस-रोझेन छळछावणीच्या शाखांमधले सुमारे १३ हजार ज्यू कैदी होते आणि त्यांतले हजारो तिथेच मेले. त्यांपैकी पुष्कळ जण हंगेरीहून आउशविट्झमार्गे आणलेले होते. म्हणजे ज्यांच्या अंगठ्या त्या खऱ्या गाडीत होत्या, त्याच समाजाची माणसे या डोंगरात कुदळी मारत होती.

तिथे जंगलात सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्या आहेत. काम अर्धवट सोडून सारे पळाले तेव्हा त्या पावसात भिजल्या आणि दगड झाल्या. वरचे आवरण केव्हाच कुजून गेले, पण प्रत्येक दगडाला पोत्याचा फुगीर आकार आहे, कोपऱ्याला घडी आहे आणि वर शेवाळ आहे. मी एकावर हात ठेवून पाहिला होता. अशी पोती चढावर वाहून नेणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथल्या पाटीवर मला सापडले नाही; त्यासाठी आपण तिथून रोगोझ्नित्साला, ग्रॉस-रोझेन छावणीच्या संग्रहालयात जाऊ.