उपाशी पाहुणी

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी गच्चीवरच्या कुंड्या सरकवताना एक भलीमोठी काळी मुंगी आडोसा शोधत घाईघाईने चाललेली दिसली, आणि मी हातातले काम टाकून वाटी घेऊन तिच्यामागे धावलो. मुंगळ्यांची राणीच होती ती. पाठीचा भाग फुगीर, पोट जाडजूड, आणि जिथे काल-परवापर्यंत पंख होते तिथे, भिंगातून पाहिल्यावर, खुडलेल्या देठांसारख्या बारीक खुणा.

लहानपणी असा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांचा थवा जमे. मग आई घरातले सगळे दिवे मालवून ओसरीवरच्या एकाच बल्बखाली पाण्याची परात ठेवी आणि आम्ही अंधारात चाचपडत जेवत असू. सकाळी केरात नुसते पंख. त्यांतली पुष्कळशी पाखरे वाळवीची, म्हणजे चारही पंख सारखे आणि कंबर नसलेली. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आजी म्हणे. नरांच्या बाबतीत ते खरेच आहे. राणी मात्र मीलनानंतर पंख स्वतःच तोडून टाकते आणि मग वर्षानुवर्षे जगते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक पाळीव राणी तर जवळजवळ 29 वर्षे जगली.

परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी पुन्हा कापूस, असे बिऱ्हाड थाटून मी ते कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवले. पहिल्या कामकरी मुंग्या कोषातून बाहेर येईपर्यंत ती काहीही खात नाही. उडण्याचे स्नायू विरघळवून त्यांवरच स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. मुंग्यांच्या वारुळाशी पीठसाखर घालणाऱ्या घरातून आलेल्या माझ्या पत्नीला हे मुळीच मान्य नाही, आणि पाहुणीला उपाशी ठेवल्याचे ती रोज एकदा तरी ऐकवते. मलाही दिवसातून दहा वेळा डोकावावेसे वाटते, पण धक्के बसत राहिले तर राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. शिवाय मीलन न होताच हिने पंख टाकले असतील, तर अंड्यांतून नुसते नरच निघायचे.

परवा चार अंडी दिसली; निदान कापसाचे तंतू तरी नसावेत ते. छत्र्याही त्याच कपाटात आहेत, त्यामुळे आज पुन्हा भिजून आलो.