आत्याचा ‘ल’

आत्याच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून द्यायचं मी कबूल केलं होतं. लिब्रेऑफिस रायटर या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये आठवडाभर बडवून पहिली प्रिंट तिच्या हातात दिली. तिने चष्मा सारखा केला, ‘लेक’ शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा ल आपला नाही रे. हिंदीच्या पुस्तकातला वाटतो.”

खरंच की! आपला ल पाकळ्यांचा, हा उभ्या दांडीचा. श चीही तीच गत. शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श असाच आग्रह आहे.

मी आधी फाँटवर राग काढला. उगाच. मी वापरलेल्या नोटो सान्स देवनागरी फाँटमध्ये दोन्ही ल असतात. कुठला दाखवायचा ते मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. टूल्समधून ऑप्शन्समध्ये, तिथून भाषांच्या पानावर गेलो. तिथे तीन खाने. ‘एशियन’मध्ये मराठी शोधत बसलो, तर तिथे चिनी, जपानी, कोरियन मंडळी. आपण आशियात नाही, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ नावाच्या तिसऱ्या खान्यात राहतो! तिथे हिंदी होती, ती काढून मराठी लावली.

नवी ओळ टाइप केली. ल पुन्हा दांडीचाच.

इथे माझी संध्याकाळ गेली. चोर निघाला कीबोर्ड. विंडोजमध्ये मी हिंदीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (देवनागरी टायपिंगची एक मांडणी) लावला होता आणि रायटर कीबोर्डची भाषा बघून प्रत्येक अक्षरावर हिंदीचा शिक्का मारत होता. त्याच पानावर ‘इग्नोर सिस्टिम इनपुट लँग्वेज’ अशी चौकट आहे, तिच्यावर टिक केली. जुना मजकूर मात्र आपोआप सुधारत नाही. सगळा सिलेक्ट करून फॉरमॅट, कॅरॅक्टरमध्ये त्याच तिसऱ्या खान्यात मराठी निवडली. पानभर पाकळ्या उमलल्या.

जाता जाता आकडेही देवनागरी करावेत म्हणून ‘न्यूमरल्स’मध्ये हिंदी निवडलं, तर अरबी लिपीतले आकडे उमटले. तिथे ‘हिंदी’चा अर्थ तोच होता म्हणे. मुकाट्याने परत फिरलो.

भाषा बदलल्यावर शब्दांखालच्या लाल नागमोडी रेघाही गेल्या. मी खूश. पण माझ्याकडे मराठीचा शब्दकोशच बसवलेला नव्हता, म्हणजे तपासणारंच कोणी उरलं नव्हतं. ते काम आत्याने केलं. दुसऱ्या प्रिंटवर पेन्सिलने पहिल्या दोन पानांतच नऊ चुका काढल्या, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या.